मॉडेल रेल्वेवर कॅमेरा: आणे पठारावर खर्च किती येईल?

जुन्नर तालुक्यात रेल्वे नाही. तालुक्यातल्या आणे गावच्या पोरांना खरी गाडी बघायची तर पुणे, कल्याण किंवा नगर गाठावं लागतं. कल्याण-नगर रस्ता आणे घाट चढून पठारावर येतो, पण रूळ काही येत नाहीत. माळशेजमार्गे रेल्वेची मागणी जुनी आहे. पुणे-नाशिक रेल्वेची आखणी नारायणगावच्या बाजूने झाली आणि खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या कारणाने अडली. अशा गावात मॉडेल रेल्वेच्या डब्यात बोटाएवढा कॅमेरा बसवायचा आणि ड्रायव्हरला समोर जे दिसतं ते मोबाइलवर बघायचं, हा छंद मला फार मोलाचा वाटतो. रूळ आपल्याकडे धावत येतात, बोगद्याचं तोंड मोठं होत जातं, सांधा आला की गाडी कुठल्या फाट्याला वळणार याची उत्सुकता लागते. फलाटावर उभं राहून हे दिसत नाही, त्यासाठी इंजिनात बसावं लागतं.

हा छंद श्रीमंतांचा आहे असं समजून पालक आणि शिक्षक त्याच्या वाटेला जात नाहीत. हिशेब मांडला तर चित्र वेगळं दिसतं. कॅमेरा हा या खटाटोपातला स्वस्त भाग आहे. पैसे जातात ते गाडीवर. आणि फसगत होते ती बॅटरी, उजेड आणि चुकीच्या लहरींवर चालणारा कॅमेरा घेण्यात. पुढे दिलेले भाव किरकोळ बाजारातले ढोबळ आकडे आहेत. इलेक्ट्रॉनिक भागांचे दर डॉलरबरोबर खालीवर होतात, तेव्हा घेताना त्या दिवशीचा भाव विचारावा.

या गमतीचा इतिहास तसा जुना आहे. अमेरिकेच्या लायनेल कंपनीने १९८८ मध्ये ‘रेलस्कोप’ नावाचं इंजिन बाजारात आणलं. त्याच्या पोटात कृष्णधवल कॅमेरा होता, त्याला नऊ व्होल्टची बॅटरी लागे आणि चित्र चक्क रुळांमधून टीव्हीपर्यंत जाई. जर्मनीत हॅम्बुर्गला ‘मिनिआटूर वुंडरलांड’ हे अवाढव्य मॉडेल आहे. २०१६ च्या जानेवारीत गुगलने तिथले चिमुकले रस्ते आणि रूळ छोट्या कॅमेऱ्यांनी टिपून आपल्या स्ट्रीट व्ह्यूवर आणले. आपल्याला इतक्या लांब जायची गरज नाही. पुण्यात कोथरूडला, कर्वे रस्त्यालगत, भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं ‘जोशीज म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वेज’ १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. रुपयाही खर्च करण्याआधी मुलांना घेऊन तिथे जाऊन या. गाडी केवढी असते, वळण किती मोठं लागतं, डब्यात जागा किती उरते, हे फोटोवरून कळत नाही. तिथे पाच मिनिटांत कळतं.

आधी हे ठरवा: जिवंत चित्र की रेकॉर्डिंग?

दुकानदाराला विचारायच्या आधी घरात हा प्रश्न सोडवा. गाडी धावत असतानाच मोबाइलवर चित्र हवं असेल तर बिनतारी कॅमेरा लागेल. गाडी फिरवून आणून मग चित्रफीत बघायची असेल, तर मेमरी कार्डवर रेकॉर्ड करणारा अंगठ्याएवढा कॅमेरा पुरतो. तो ५०० ते १,२०० रुपयांत मिळतो, वजन वीसेक ग्रॅमच्या आसपास असतं, बॅटरी आतच असते. त्याचं चित्र त्याच किमतीच्या बिनतारी कॅमेऱ्यापेक्षा बहुतेक वेळा स्वच्छ येतं, कारण वाटेत ते तुटत नाही. पहिल्यांदा करणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. ५०० रुपयांच्या आत-बाहेरचं कार्ड घ्या आणि घेतल्याबरोबर ते पूर्ण भरून, फायली परत उघडून बघा. वर ३२ जीबी छापलेलं आणि आत त्याच्या पाव भागही नसलेलं बनावट कार्ड बाजारात सर्रास विकलं जातं.

जिवंत चित्राची मजा वेगळी, हे मान्यच. त्यासाठी तीन वाटा आहेत.

पहिली, तयार वायफाय मिनी कॅमेरा. ६०० ते १,५०० रुपये. मोबाइलमध्ये ॲप टाकायचं, जोडायचं, चालू. अडचण दोन ठिकाणी येते. चित्र अर्धा ते एक सेकंद, कधी त्याहूनही उशिरा पोचतं, त्यामुळे चित्र बघून गाडी थांबवायला गेलात तर ती फलाट ओलांडून गेलेली असते. दुसरी अडचण गंभीर आहे. अशी बरीच अनोळखी ॲप चित्र परदेशातल्या कुठल्या तरी सर्व्हरवरून फिरवून आणतात. ज्या कॅमेऱ्याला इंटरनेटशिवाय, स्वतःच्या हॉटस्पॉटवर चालायची सोय आहे तोच घ्या. आणि पहिल्या दिवशी पासवर्ड बदला.

दुसरी वाट माझ्या आवडीची आहे: ईएसपी३२-कॅम हा बोर्ड. साधारण ५०० रुपयांच्या आसपास मिळतो. संगणकाला जोडून प्रोग्राम भरण्यासाठी खाली लावायचा यूएसबी बोर्ड धरला तर ७०० पर्यंत जातं. त्यावर ओव्ही२६४० नावाचा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा असतो. तयार नमुना-प्रोग्राम फुकट मिळतो. त्यात थोडा बदल केला की बोर्ड स्वतःच वायफाय सोडतो. मोबाइल त्या वायफायला जोडायचा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.४.१ हा पत्ता टाकायचा आणि चित्र समोर. ॲप नाही, खातं नाही, इंटरनेट नाही. पठारावर मोबाइलची रेंज नसेल तिथेही चालतं. चित्राचा आकार लहान ठेवला तर ते बऱ्यापैकी सलग येतं. मोठं चित्र मागितलं की अडखळतं. नववी-दहावीच्या मुलांनी हा बोर्ड एकदा चालू केला की वायफाय म्हणजे काय, पत्ता म्हणजे काय, हे त्यांना हाताने कळतं. शाळेत किंवा शेजारच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर आधी तिथे विचारा; असा बोर्ड, सोल्डरिंग आणि शिकवणारं माणूस तिथे मिळण्याचा संभव आहे आणि तेवढा खर्च वाचतो.

तिसरी वाट ड्रोन उडवणाऱ्यांची: ५.८ गिगाहर्ट्झवर चालणारा ॲनालॉग कॅमेरा-ट्रान्समीटर. २५ मिलीवॉटचा, मधल्या बोटाच्या पेराएवढा. किंमत २,००० ते ३,००० आणि मोबाइलला लागणारा रिसीव्हर साधारण तेवढ्याचाच. चित्राला उशीर जवळपास नसतो, त्यामुळे चित्र बघून गाडी हाकता येते. चित्र मात्र जुन्या टीव्हीसारखं, मधूनच मुंग्या येणारं. ट्रान्समीटर तापतो, बंद डब्यात ठेवला तर प्लास्टिक मऊ पडेल इतका तापू शकतो. डब्याला वर जाळीदार भोकं ठेवा आणि गाडी उभी असताना तो बंद करा. घरात मोठा लेआऊट असेल आणि गाड्या खरोखर वेळापत्रकाने चालवायच्या असतील तरच हा खर्च करावा. शाळेच्या प्रकल्पासाठी मी सुचवणार नाही.

खोडद शेजारी आहे, हे विसरू नका

हा भाग पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला लागू नाही, पण जुन्नर-आंबेगावच्या ग्राहकासाठी तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यातल्या १४ खोडदला एक चौरस किलोमीटरच्या आसपासच्या मध्यभागात आणि १६ तीन दिशांना पसरलेल्या बाहूंवर. सगळ्यात लांबच्या दोन तबकड्यांमध्ये सुमारे २५ किलोमीटर अंतर आहे. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा परिसर निवडला त्यामागे एक मोठं कारण होतं: शहरी रेडिओ गोंगाटापासून तो दूर होता आणि भोवतीच्या डोंगरांचा आडोसा होता. या तबकड्या टिपतात ते संदेश इतके क्षीण असतात की आपल्या घरातलं किरकोळ यंत्रसुद्धा त्यांच्यापुढे कर्कश ठरू शकतं.

ही दुर्बीण साधारण १,४५० मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी ऐकते. विश्वातल्या हायड्रोजनची खूण १,४२० मेगाहर्ट्झला आहे, ती त्यात येते. आणि नेमक्या याच पट्ट्यात, १.२ किंवा १.३ गिगाहर्ट्झवर, चालणारे बिनतारी व्हिडिओ कॅमेरे विकले जातात. ‘भिंतीपलीकडूनही चित्र येतं, लांबवर जातं’ असं सांगून ते गळ्यात मारले जातात. ते घेऊ नका. भारतात हा पट्टा बिनपरवाना वापरासाठी खुला नाही, म्हणजे तो वापरणं बेकायदा आहे. आणि इथे, या तालुक्यात, त्यामुळे जगभरचे शास्त्रज्ञ जिचा उपयोग करतात त्या दुर्बिणीच्या कामात व्यत्यय येऊ शकतो. आपल्या मातीत उभ्या राहिलेल्या इतक्या मोठ्या गोष्टीसाठी एवढी काळजी आपण घ्यायलाच हवी.

मग चालतं काय? वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा, म्हणजे २,४०० ते २,४८३.५ मेगाहर्ट्झ, कमी शक्तीच्या उपकरणांना बिनपरवाना खुला आहे. ५,७२५ ते ५,८७५ मेगाहर्ट्झचा पट्टाही खुला आहे. हे दोन्ही पट्टे दुर्बिणीच्या पट्ट्यापासून दूर आहेत. ड्रोनवाला ५.८ चा ट्रान्समीटर घेतलात तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्यावरचे सगळे चॅनेल या हद्दीत नसतात, काही ५,६४५ ला तर काही ५,९४५ ला असतात. ‘ए’ बँडमधले ५,७४५ ते ५,८४५ मधले चॅनेल निवडले की आपण हद्दीच्या आत राहतो. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात फ्रिक्वेन्सी छापलेली नसेल तर तो कॅमेरा परत करा, मग तो कितीही स्वस्त असो.

गाडीचा खर्च

इथे बजेट फुगतं. मॉडेल रेल्वेत सगळ्यात रुळलेलं माप एचओ: खऱ्याचा ८७ वा भाग, रुळांतलं अंतर १६.५ मिलीमीटर. परदेशी बनावटीचा एचओ संच, इंजिन, दोन-तीन डबे, रुळांचं वर्तुळ आणि कंट्रोलर धरून, आपल्याकडे १५,००० ते ३०,००० रुपयांना पडतो. एवढा महाग का? खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. लहान आकाराची मॉडेल याच गटात मोडतात. त्यावर इतर कर आणि वाहतूक वेगळी. परदेशातला नातेवाईक ‘इथे स्वस्त आहे’ म्हणाला तर पार्सलने मागवण्याआधी शुल्काचा हिशेब करा. आणि बिनतारी कॅमेरा परदेशी संकेतस्थळावरून मागवताना हेही ठाऊक असू द्या, की बिनतारी उपकरणाच्या आयातीला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता लागते. ती नसेल तर पार्सल कस्टम्समध्ये अडकू शकतं.

एन हे माप, म्हणजे १६० वा भाग, कॅमेऱ्यासाठी घेऊ नका. आपला डबा सव्वातीन मीटर रुंद असतो. त्या मापात तो २० मिलीमीटरचा होतो आणि आत काही मावत नाही.

आळेफाटा किंवा नारायणगावच्या खेळण्यांच्या दुकानात मिळणारी, सेलवर चालणारी प्लास्टिकची गाडी ८०० ते २,००० रुपयांत येते. तिला नाक मुरडू नये. सुरुवातीला तीच योग्य, कारण डबा कापला, भोक पाडलं, बिघडलं तरी जीव हळहळत नाही. तिचं इंजिन अशक्त असतं, दोन-तीन डब्यांपुढे दम लागतो, म्हणून कॅमेऱ्याचा डबा हलका हवा. स्टेशनरीच्या दुकानातल्या फोमबोर्डचा डबा घरी करा. बोर्ड, लहान बॅटरी आणि तारा मिळून तीसेक ग्रॅम भरतात. तेवढं ही गाडी ओढते.

एचओ गाडीत मात्र उलट आहे. हलका डबा वळणावर रूळ सोडतो, त्यामुळे बॅटरी तळाशी ठेवून वजन खाली आणा. जागेचंही गणित बघा. एचओ मध्ये डबा बाहेरून ३७ मिलीमीटर रुंद, आतली उंची जेमतेम ३० मिलीमीटर. ईएसपी३२-कॅमचा बोर्ड २७ बाय ४०.५ मिलीमीटरचा आहे, तो डब्यात उभा राहत नाही. तो आडवा ठेवायचा आणि लांब पट्टीचा कॅमेरा वेगळा घेऊन पट्टी पुढे वळवायची. ही पट्टीवाली भिंगं २०० ते ३५० रुपयांना मिळतात. किंवा झिआओ ईएसपी३२एस३ सेन्स हा २१ बाय १७.८ मिलीमीटरचा चिमुकला बोर्ड घ्यायचा. तो १,५०० ते २,००० ला पडतो, पण डब्यात आरामात बसतो.

कॅमेरा बसवायचा कुठे? ड्रायव्हरची नजर हवी तर कॅमेऱ्याचा डबा इंजिनाच्या पुढे लावून इंजिनाने ढकलायचा. ढकललेला डबा लवकर घसरतो, म्हणून त्याची चाकं सरळ आणि मोकळी फिरतात ना, हे आधी तपासा. सोपी आणि मला तितकीच सुंदर वाटणारी जागा म्हणजे शेवटचा डबा, मागे तोंड करून. गार्डाला दिसतं तेच. (रेल्वेने २०२२ च्या जानेवारीत गार्डाचं पद ‘ट्रेन मॅनेजर’ केलं, पण तोंडात गार्डच बसलेला आहे.) रूळ मागे पळताना बघणं मुलांना फार आवडतं, आणि ओढला जाणारा डबा घसरतही नाही.

बॅटरी: इथे कंजुषी नको

रुळांतून मिळणारी वीज कॅमेऱ्याला द्यायचा मोह होतो. साध्या डीसी गाडीत वेग कमी केला की व्होल्टेजही कमी होतं, गाडी थांबली की कॅमेरा मरतो. म्हणून डब्यात स्वतंत्र सेल ठेवा. ३.७ व्होल्ट, ५०० ते ६०० मिलीअँपिअर-तासाचा लिथियम पॉलिमर सेल १५० ते ३०० रुपये. पाच व्होल्ट करणारं बूस्ट मॉड्यूल आणि टीपी४०५६ चार्जर मिळून शे-दीडशे. एवढ्यावर ईएसपी३२-कॅम तास-दीड तास चालतो. चित्र मध्येच बंद पडून बोर्ड पुन्हा सुरू होत असेल, तर दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा नसतो. बोर्ड क्षणभर जास्त करंट ओढतो आणि स्वस्त बूस्ट मॉड्यूलला तो झेपत नाही. थोडं दमदार मॉड्यूल घ्या आणि तारा जाड, आखूड ठेवा.

आता एक धोक्याची गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. टीपी४०५६ चं तयार मॉड्यूल एक अँपिअरने चार्ज करतं. ५०० मिलीअँपिअर-तासाच्या सेलला ते दुप्पट होतं. सेल तापतो, फुगतो. त्यावरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून २.४ किलोओहमचा लावला की करंट अर्ध्या अँपिअरवर येतो. मोबाइल दुरुस्त करणारा हे काम पाच मिनिटांत करून देतो. चार्जिंग डब्यातून सेल बाहेर काढून, फरशीवर, मोठ्या माणसाच्या नजरेसमोर. रात्री लावून झोपायचं नाही. फुगलेला सेल पुन्हा वापरायचा नाही, टोचायचा तर मुळीच नाही.

चित्र चांगलं येत नाही?

नव्वद टक्के तक्रारी उजेड आणि फोकसच्या असतात, असा माझा कयास आहे, आणि दोन्हीचा उपाय जवळजवळ फुकट आहे. स्वस्त भिंग लांबचं बघायला बसवलेलं असतं. आपलं स्टेशन वीत-दीड वीत अंतरावर असतं, म्हणून ते धूसर दिसतं. भिंगाच्या गळ्यावरचा गोंदाचा ठिपका ब्लेडने हलकेच सोडवा आणि पक्कडीने भिंग अगदी किंचित बाहेरच्या बाजूला फिरवा. मोबाइलवर बघत बघत, केसभर केसभर. जवळचं स्पष्ट झालं की थांबा.

उजेडासाठी बारा व्होल्टची पांढरी एलईडी पट्टी आणि अडॅप्टर, ४०० रुपयांत होतं. चित्रावर आडवे पट्टे सरकताना दिसले तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ६० हर्ट्झच्या जागी ५० करा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे. पैसे वाचवायचे असतील तर पडवीत सकाळच्या उजेडात रूळ मांडा. त्याइतका चांगला दिवा विकत मिळत नाही.

कॅमेऱ्याची उंचीही मोजून ठेवा. खरा ड्रायव्हर रुळापासून साधारण तीन मीटरवरून बघतो. एचओ मध्ये ते ३४ मिलीमीटर. आणि गाडी हळू चालवा, अगदी हळू. ताशी १०० किलोमीटरची गाडी या मापात सेकंदाला फक्त ३२ सेंटीमीटर जाते. मुलं ती सेकंदाला मीटरभर पळवतात, म्हणजे ताशी ३१३ किलोमीटर, आणि मग चित्रात नुसता धुरळा दिसतो. सेलवरच्या गाडीत दोनऐवजी एकच सेल आणि एक खोटा सेल, म्हणजे तार जोडलेलं लाकडी नळकांडं, टाकून वेग उतरवता येतो. मात्र सेल एकामागोमाग जोडलेले आहेत याची आधी खात्री करा.

राहिला बोगदा. डोंगर करताना कोंबडी-जाळीवर प्लास्टर थापायची सवय असते. ती जाळी वायफाय अडवते आणि ऐन बोगद्यात चित्र गोठतं. त्याऐवजी बांबूच्या काड्यांचा सांगाडा आणि वर्तमानपत्राचा लगदा वापरा. खर्च शून्य, चित्र सलग. आणे घाटाचं मॉडेल करणार असाल तर गुळुंचवाडीजवळचा नैसर्गिक पूल त्याच लगद्यातून करून त्याखालून गाडी न्या. कॅमेऱ्यातून तो दगडी कमानीचा भाग डोक्यावरून सरकताना बघण्यासारखा होईल.

एकूण किती?

रेकॉर्डिंगचा कॅमेरा ७००, कार्ड ५००, प्लास्टिकची गाडी १,२००, फोमबोर्ड-गोंद १५०: अडीच हजारांत काम होतं. जिवंत चित्र हवं तर ईएसपी३२-कॅम खालच्या बोर्डासकट ७००, पट्टीवालं भिंग २५०, सेल २५०, चार्जर आणि बूस्ट १५०, बटण-तारा ५०, जरा बरी गाडी १,५००, दिवे ४००. बेरीज ३,३००. पहिला बोर्ड जळतोच असं नाही, पण साडेतीन ते चार हजार हाताशी ठेवा. ड्रोनवाली वाट धरली तर नुसत्या कॅमेरा-रिसीव्हरचेच पाच हजार. एचओ संचासकट झिआओ बोर्ड म्हणजे १७,००० च्या पुढे.

घरोघरी वेगळा खर्च करण्यापेक्षा शाळेने साडेतीन हजारांचा एक संच करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. एका घरात ही गाडी महिनाभराने कपाटावर जाते. शाळेत दरवर्षी नवी मुलं येतात, कोणी नवा बोगदा करतं, कोणी सिग्नल जोडतं.

सुटे भाग पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. एवढ्यासाठी एसटीने जायचं नसेल तर ऑनलाइन मागवणं सोयीचं आहे. तिथे विकणाऱ्याचं नाव, पत्ता आणि माल कुठल्या देशाचा आहे हे दाखवणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार बंधनकारक आहे. ते दिसत नसेल तर पुढे जा. ५०० रुपयांच्या कॅमेऱ्यावर ‘फोर-के’ लिहिलेलं असेल तर ते खोटं धरून चाला. बिल घ्या. खोकं उघडतानाचा मोबाइल व्हिडिओ काढून ठेवा. माल सदोष निघाला आणि दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.

हेच कॅमेरे बाजारात ‘स्पाय कॅमेरा’ म्हणूनही विकले जातात, म्हणून मुलांशी एकदा नीट बोला. कोणाच्या शरीराच्या खासगी भागाचं चित्र त्याच्या संमतीशिवाय टिपणं किंवा पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कॅमेरा डब्यालाच चिकटवून टाका, सुटा काढता येणार नाही असा. शाळेत तो डबा ठेवायच्या कपाटाची चावी शिक्षकांकडे असावी.

दर फेब्रुवारीत २८ तारखेच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त खोडदला मोठं विज्ञान प्रदर्शन भरतं आणि आसपासच्या शाळा आपली मॉडेल घेऊन जातात. गाडी तिथे न्यायची असेल तर कॅमेरा बिनतारी आहे हे नोंदणी करतानाच कळवा आणि त्यांची परवानगी मिळेपर्यंत तो चालू करू नका. परवानगी नाही मिळाली तरी अडत नाही. ७०० रुपयांचा रेकॉर्डिंगचा कॅमेरा डब्यात ठेवा, गाडी दोन फेऱ्या फिरवा, कार्ड लॅपटॉपमध्ये घाला आणि बघायला आलेल्यांना ड्रायव्हरची जागा दाखवा. कॅमेऱ्याचा वायफाय त्या दिवशी घरीच राहील. चार्ज केलेला एक जास्तीचा सेल मात्र बरोबर असू द्या.